पुरानं उठलेली माणसं दिसतात, दुष्काळानं गेलेली दिसत नाहीत

२०१९ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं. कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटक महाराष्ट्राकडे विनंती करत होतं आणि गावोगावी टँकर फिरत होते. पुढच्या तीन महिन्यांत, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याच नदीनं काठावरची गावं पोटात घेतली. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी चढलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. गोकाकात घटप्रभा गल्लीबोळांत शिरली. त्या वर्षीच्या पुरात कर्नाटकात सगळ्यात मोठा तडाखा बेळगाव जिल्ह्याला बसला. आधी पाणी नाही म्हणून लोकांचे हाल झाले, मग पाणी फार झालं म्हणून घर सोडावं लागलं. वर्ष एकच, नदी एकच.

हवामान बदलामुळे होणाऱ्या स्थलांतराचं नाव निघालं की आपल्याला बातम्यांत पाहिलेली बुडणारी बेटं आठवतात. तुवालू, मालदीव, फार तर सुंदरबन. ते सगळं खरंच आहे. पण जगात हवामानामुळे घर सोडणारी बहुतेक माणसं देशाची हद्द ओलांडत नाहीत. ती शेजारच्या गावातल्या शाळेत जातात, तालुक्याच्या गावी भाड्याची खोली घेतात, नाहीतर शंभर-दीडशे किलोमीटरवर मजुरीला जातात. देशांतर्गत विस्थापनाची जगभरातली नोंद ठेवणाऱ्या जिनिव्हातल्या केंद्राच्या हिशोबानं २०२४ या एका वर्षात नैसर्गिक आपत्तींमुळे जगात सुमारे ४ कोटी ५८ लाख वेळा माणसांना देशातल्या देशात हलावं लागलं. त्यातली सुमारे ५४ लाख विस्थापनं भारतातली. इथं ‘वेळा’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा लागतो. एका वर्षात एकच कुटुंब दोनदा उठलं, तर ते दोनदा मोजलं जातं. उलट जे कुटुंब पाऊस नसल्यामुळे हळूहळू गाव सोडून गेलं, ते या आकड्यात सहसा येतच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, आणि आपल्या भागात तर ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

पाऊस पडतो घाटात, पाणी चढतं आपल्याकडे

आधी थोडं विज्ञान. हवा एका अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. कोळसा आणि तेल जाळण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू होण्याआधी पृथ्वीचं जे सरासरी तापमान होतं, त्यापेक्षा ते आज एक अंशाहून जास्त वाढलंय. २०२४ हे तर ही वाढ दीड अंशाच्या पुढे गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. अरबी समुद्रही तापतोय. तिथून निघालेली हवा आता जास्त बाष्प घेऊन सह्याद्रीवर येते आणि कोसळते तेव्हा एकदम कोसळते.

याची दुसरी बाजूही आहे. हवेत बाष्प जास्त मावतं म्हणून रोज जास्त पाऊस पडतो, असं होत नाही. पावसाचे दिवस कमी होतात, दोन पावसांमधली उघडीप लांबते, आणि आला की तो ढगफुटीसारखा येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. त्याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस मात्र घटत होता. म्हणजे पूर आणि दुष्काळ ही एकाच बदलाची दोन टोकं आहेत, आणि बेळगाव जिल्ह्यात ती एकाच जिल्ह्याच्या नकाशावर सापडतात.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अथणीला तो पाचशे-सहाशेवर थांबतो. शिवाय कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या सगळ्या नद्या घाटमाथ्यावरून येतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अथणीच्या माणसाला वर्षभर जेवढा पाऊस मिळतो, जवळजवळ तेवढा एका दिवसात. ते पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही. अंकली, मांजरी, यडूर, कल्लोळकडच्या लोकांना हा अनुभव जुना आहे: डोक्यावर ऊन असतं, अंगणात वाळवण घातलेलं असतं, आणि नदी चढत असते. आपल्या आभाळाकडे बघून नदीचा अंदाज इथं बांधताच येत नाही. तो कोयना, राधानगरी, राजापूर बंधाऱ्याच्या आकड्यांवरून बांधावा लागतो. म्हणून पावसाळ्यात नदीकाठच्या गावांत माणसं एकमेकांना विसर्गाचे क्युसेक विचारत असतात.

यावर कुणी म्हणेल, पूर काय फक्त हवामानानं येतो? अलमट्टी धरणाचा फुगवटा, धरणांतून वेळेवर न सोडलेलं पाणी, नदीपात्रातले भराव, पुलांचे बांध, पूररेषेतली बांधकामं, यांचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्यातला कुठलाही वाद हवामान बदलाचं नाव पुढे करून मिटवू नये. वाजवीपेक्षा जास्त ऊस भरलेली ट्रॉली एखाद्या खड्ड्यात उलटते तेव्हा दोष खड्ड्याचाही असतो, ट्रॉली भरणाऱ्याचाही आणि खड्डा न बुजवणाऱ्याचाही. हवामान बदलानं खड्डे खोल केलेत आणि जवळजवळ आणलेत. ट्रॉली किती भरायची, हे मात्र अजून माणसाच्याच हातात आहे.

घर पडतं ते पाणी ओसरल्यावर

पुरात घर सोडणं नेमकं कसं होतं, हे नदीकाठी न राहणाऱ्यांना ठाऊक नसतं. पाणी वेशीपर्यंत आलं की पंचायतीची गाडी भोंगा लावून फिरते. तरी माणसं निघत नाहीत. बाहेरच्याला तो हट्ट वाटतो, पण कारण गोठ्यात बांधलेलं असतं. म्हैस दुधावर असेल तर तिला कुठं नेणार, वैरण कुठून आणणार आणि धार कोण काढणार? घरातल्या बायका-पोरं, म्हातारी माणसं आधी शाळेतल्या काळजी केंद्रात जातात. याच केंद्राला लोक पूर्वी गंजी केंद्र म्हणत. एक-दोन बापये जनावरांजवळ मागे राहतात. बोटीनं सोडवून आणावी लागतात ती बहुतेक हीच माणसं.

पाणी सात-आठ दिवस राहतं आणि मग उतरतं. जुनी घरं पांढऱ्या मातीच्या भिंतींची असतात. पाण्यात असताना ती भिंत उभी असते. पाणी उतरतं, ऊन पडतं, भिंत वाळायला लागते तसा तिला तडा जातो, आणि लोक परतून चिखल काढायला लागल्यावर एखाद्या रात्री ती बसते. पंचनामा आधी झाला असेल तर कागदावर घर उभं असतं. २०१९ साली कर्नाटक सरकारनं पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख आणि तातडीची मदत म्हणून कुटुंबाला १० हजार रुपये जाहीर केले. देशाच्या आपत्ती निवारणाच्या ठरलेल्या दरापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी होती, आणि ते श्रेय दिलंच पाहिजे. पण घर नुकसानीच्या ए, बी की सी गटात, यावर सगळं अवलंबून होतं. घराचा नंबर एक असतो, आत तीन भावांच्या तीन चुली असतात. मदत एका चुलीला मिळते. भाड्यानं राहणारा, गायरानावर खोपट बांधलेला, आजोबांच्या नावावरचा उतारा अजून न बदललेला, हे सगळे रांगेत मागे जातात. यादी पंचायतीच्या भिंतीवर कन्नडमध्ये लागते. मराठीत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती शेजाऱ्याच्या पोराकडून वाचून घ्यावी लागते आणि हरकत घ्यायची मुदत तेवढ्यात निघून जाते.

पुराचं विस्थापन बहुतेकांसाठी तात्पुरतं असतं, महिन्याभरात गाव पुन्हा भरतं. पण प्रत्येक पुरात काही घरं परत येत नाहीत. ज्यांच्याकडे थोडे पैसे आहेत ती निपाणी, चिकोडी, बेळगावला सरकतात. एरवी ज्यांना घर बांधायचंच होतं, ती नव्या पायासाठी उंचावरची जागा शोधतात. मग सरकार अख्खं गावच का हलवत नाही? तसे प्रयत्न झालेत. २००९ च्या पुरानंतर उत्तर कर्नाटकात ‘आसरे’ योजनेतून नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पण त्यातल्या बऱ्याच घरांत लोक राहायला गेले नाहीत, गेलेले परत आले. शेत लांब पडलं, जनावर बांधायला जागा नव्हती, भावकी विखुरली. चार भिंती आणि छप्पर दिलं की पुनर्वसन झालं, असं धरून चालण्याचा हा परिणाम. शेतकऱ्याचं घर गोठ्यासकट असतं, हे नकाशा काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

कोयत्याची वाट

आता न मोजल्या जाणाऱ्या माणसांकडे येऊ. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

२०२३ साली पाऊस फिरला. कर्नाटकानं २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. त्याच वर्षीच्या मे अखेरीस मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी महाराष्ट्राला पत्र लिहून वारणा-कोयनेतून कृष्णेत २ टीएमसी आणि उजनीतून भीमेत ३ टीएमसी पाणी मागितलं होतं. दुष्काळात भोंगा वाजत नाही. बोट येत नाही, काळजी केंद्र उघडत नाही. आधी विहीर आटते, मग बोअर खोल जातं, मग नवीन बोअर मारण्यासाठी कर्ज निघतं आणि तेही कोरडं जातं. मग एक म्हैस बाजारात जाते. थोरला मुलगा गोव्याला बांधकामावर किंवा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत लागतो. दोन वर्षांनी धाकटा जातो. कुठल्याच दिवशी असं म्हणता येत नाही, की आज हे कुटुंब विस्थापित झालं.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. अथणीचा कोरडवाहू पूर्वभाग, विजयपूर, पलीकडचा जत, लांबचं बीड, इथून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि कृष्णा-घटप्रभेच्या काठच्या कारखान्यांच्या फडावर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती टनामागे फेडायची असते. म्हणजे पाण्याच्या बाजूनं पाहिलं तर एकच जिल्हा माणसं पाठवतोही आणि माणसं बोलावतोही.

आता पूर आणि दुष्काळ यांची गाठ कशी पडते ते पाहा. ऑगस्टमध्ये नदीकाठचा ऊस बुडतो. पाणी पोंग्याच्या, म्हणजे उसाच्या वाढत्या शेंड्याच्या, वर गेलं, गाळ आत बसला, की पोंगा कुजतो आणि वाढ थांबते. वरून हिरवं दिसणारं रान आतून गेलेलं असतं. शेतकऱ्याचं सोसायटीचं कर्ज थकतं, ते लोकांच्या लक्षात येतं. पण त्या हंगामात तोडायला ऊसच कमी असतो. फड लवकर संपतो, टन भरत नाहीत, उचल फिटत नाही. उरलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते, आणि पुढच्या वर्षी जत-विजयपुरात पाऊस बरा झाला तरी त्या जोडप्याला घरी राहता येत नाही. चिकोडीत आलेल्या पुरानं दीडशे किलोमीटरवरच्या कोरड्या गावातलं कुटुंब आणखी एक वर्ष बांधलं जातं. हा हिशोब आपत्तीच्या कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. पोरं बरोबर आली तर शाळा सुटते, मागे राहिली तर आजीच्या जिवावर राहतात.

आणि तिसरी माणसं, ज्यांना जाताच येत नाही. जायलाही पैसा लागतो: भाडं, खोलीची अनामत, ओळखीचा माणूस. नुकसान सोसून सोसून ज्यांची पुंजी संपली, ती सगळ्यात धोक्याच्या जागी अडकून पडतात. ब्रिटन सरकारच्या २०११ च्या एका मोठ्या अभ्यासानं ही गोष्ट ठळकपणे मांडली होती, की हवामान बदलानं गेलेल्या माणसांइतकाच अडकलेल्या माणसांचा प्रश्न गंभीर आहे. एकट्या बाईचं घर, भूमिहीन शेतमजूर, निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या बायका यांच्याकडे पाहिलं की ते पटतं. गाव न सोडणं ही दर वेळी गावावरची माया नसते.

खानापूरच्या जंगलातली गावं याच विचाराला आणखी एक पीळ देतात. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांचा संपर्क पावसाळ्यात तुटतो, ओढे-नाले भरले की आजारी माणसाला खाटेवर घालून चालत न्यावं लागतं. त्यांना बाहेर यायला सरकार कुटुंबामागे १५ लाखांचं पॅकेज देतंय. कुणी वाघासाठी हलवतात म्हणेल, कुणी रस्ता दिला नाही म्हणून जावं लागतं म्हणेल, कुणी पावसावर बोट ठेवेल. तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. स्थलांतराचा अभ्यास करणारे म्हणूनच एक कारण सांगायचं टाळतात. एकटं हवामान माणसाला फार क्वचित घराबाहेर काढतं. ते आधीच्या कर्जाला, नसलेल्या रस्त्याला, तुटलेल्या भावकीला जोर देतं.

कायदा काय म्हणतो

निर्वासितांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा आहे. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती असलेल्या आणि देशाबाहेर पडलेल्या माणसाला तो संरक्षण देतो. पूर आणि दुष्काळ त्यात बसत नाहीत. किरिबातीच्या इओआने टेइटिओटा यांनी समुद्र चढतोय म्हणून न्यूझीलंडमध्ये आसरा मागितला, तो नाकारला गेला. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेल्या निर्णयात समितीनं त्यांची बाजू मान्य केली नाही, पण हवामानामुळे जिवाला धोका असेल अशा देशात माणसाला परत पाठवणं पुढे बेकायदेशीर ठरू शकतं, ही वाट मोकळी ठेवली. ऑस्ट्रेलिया आणि तुवालूनं २०२३ साली करार केला आणि त्यात वर्षाला २८० तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला येता येईल, असं ठरलं.

आपल्याकडचा माणूस देशातच हलतो, त्यामुळे त्याचा संबंध या करारांशी नाही. त्याचा संबंध तहसीलदाराशी आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात म्हटलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून मिळतो. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी नदी आणि समुद्राच्या धुपीनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १ हजार कोटी रुपये वेगळे काढायला सांगितले. ही दोन्ही पावलं चांगली आहेत. पण दुष्काळानं हळूहळू गेलेल्या माणसाला विस्थापित म्हणून काही मिळेल अशी सोय त्यात नाही.

पुढचा अंदाज जागतिक बँकेनं २०२१ साली दिलाय: काहीच केलं नाही तर २०५० पर्यंत जगातल्या सहा विभागांत मिळून २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसं हवामानामुळे देशातल्या देशात हलतील, त्यातली सुमारे ४ कोटी दक्षिण आशियात. वाचून छातीत धस्स होतं. पण त्याच अहवालात असंही आहे, की प्रदूषण वेगानं कमी केलं आणि विकास सर्वांपर्यंत पोचवला तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. हे वाक्य बातम्यांत फारसं येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आपल्या पातळीवर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं काही आजच हाताशी आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत केंद्राच्या वाट्याचं धान्य महाराष्ट्रात गेलेल्या कर्नाटकच्या कार्डवाल्यालाही मिळतं आणि इकडे आलेल्या बीडच्या टोळीलाही मिळतं. फडावरच्या किती कोयत्यांना हे माहीत आहे, ते विचारून पाहा. नदीकाठी राहणाऱ्यांनी उताऱ्यावरची नावं पावसाळ्याच्या आत बदलून घ्यावीत, घराचे चारी बाजूंनी तारखेसकट फोटो काढून ठेवावेत, वेगळी चूल असेल तर तिची पंचायतीत नोंद करावी. पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी बसलेल्या भिंतीसाठी दुसऱ्या पंचनाम्याची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. काळजी केंद्राच्या शेजारी जनावरांसाठी छावणी पहिल्याच दिवशी उघडली, तर मागे राहणारी बरीच माणसं वेळेत निघतील.

आणि पंचायतींनी एक वही घालावी. पुराच्या यादीसारखीच, पण बारमाही. दिवाळीनंतर कोणत्या घरातून कोण गेलं, कुठं गेलं, किती उचल घेऊन गेलं, पोरं बरोबर नेली की मागे ठेवली, आणि गुढीपाडव्यापर्यंत परत आलं का.